हौसेचे गूज : लघुनिबंध, जात्यावरची ओवी आणि उमरी

१

नांदेड जिल्ह्यातील उमरी या गावाचे नाव मराठवाड्याच्या लिखित इतिहासात येते ते प्रामुख्याने एका दिवसाच्या संदर्भात. ३० जानेवारी १९४८ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सशस्त्र कार्यकर्त्यांनी उमरीच्या बँकेवर हल्ला केला आणि तेथील रक्कम लढ्यासाठी ताब्यात घेतली. त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर साडेसात महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामी राजवट संपुष्टात आली. मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत, गौरवग्रंथांत आणि जिल्ह्याच्या इतिहासांत उमरी या एका प्रसंगाने स्थिर झाली आहे.

तथापि लढ्याला हात घालावासा वाटेल एवढी रक्कम या गावच्या बँकेत होती याचे कारण उमरी ही बाजारपेठ होती. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला आणि नांदेड-मुदखेडकडून धर्माबाद, निजामाबादकडे जाताना तो उमरीवरून गेला. शेतमाल बाहेर जाण्याची आणि बाहेरचा माल आत येण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. बाजार आला की खरेदी आली, खरेदीबरोबर प्रवास आला आणि या दोहोंबरोबर आपण काय पाहिले, काय आणले, कोठे जाऊन आलो हे जवळच्या माणसाला सांगणे आले. या सांगण्याची नोंद कोणत्या वाङ्मयात सापडते, असा प्रश्न केल्यास मराठी वाङ्मयेतिहासाचा एक परिचित अध्याय पुन्हा उघडून पाहावा लागतो. तो अध्याय लघुनिबंधाचा.

मराठी लघुनिबंधाचा इतिहास बहुधा इंग्रजी वाङ्मयाच्या प्रभावाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. चार्ल्स लँबपासून गार्डिनर, ल्यूकस, लिंड, चेस्टरटन यांच्यापर्यंतची परंपरा मराठी प्राध्यापक-लेखकांनी वाचली आणि तिच्या संस्कारातून हा प्रकार अवतरला, हे त्याचे सर्वमान्य सूत्र आहे. ते असत्य नाही. अपुरे मात्र आहे. रोजच्या जगण्यातील लहानसहान हौस, प्रवास आणि नवी वस्तू यांविषयी मित्राशी बोलल्याप्रमाणे बोलणे ही या प्रकाराची ओळख मानली, तर हे बोलणे मराठीत १९२६ च्या आधी कोण, कोणाशी आणि कोणत्या वेळी करीत होते, हा प्रश्न त्या सूत्रात उद्भवतच नाही. तो उपस्थित केला की वाङ्मय म्हणून कोणाची फुरसत मोजली गेली आणि कोणाची नाही, याचा हिशेब मांडावा लागतो.

२

हा विचार करताना शब्दांपासून आरंभ करणे उपयुक्त ठरते. 'हौस' हा शब्द मूळ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. उर्दूत त्याचेच रूप असलेल्या 'हवस' या शब्दाला लोभाची, वासनेची छटा चिकटलेली आहे. मराठीने मात्र ती छटा जवळजवळ पुसून टाकली आणि हौसेला निरुपद्रवी आनंदाचा, काहीशा लाडाचा अर्थ दिला. हौस पुरवली जाते, हौस भागवली जाते, हौसेला मोल नसते. पुढे 'हौशी' या विशेषणाने धंदेवाईकाच्या विरुद्ध असलेला एक मानाचा दर्जाही मिळवला. हौशी रंगभूमी हा शब्दप्रयोग त्याचे उदाहरण होय. 'फुरसत', 'खरेदी', 'दोस्त' हे शब्दही याच मार्गाने आलेले. फुरसतीच्या जीवनाविषयी बोलताना मराठी माणूस अजाणता दरबार आणि बाजार या दोन स्थळांची भाषा बोलत असतो.

'गूज' हा शब्द या गटातला नाही. तो 'गुह्य' या संस्कृत शब्दापासून आलेला असून मराठीत त्याचे आयुष्य फार जुने आहे. संतवाङ्मयात तो गुरुशिष्यांमधील आणि देवभक्तांमधील गुप्त बोलण्यासाठी येतो; लोकगीतांत तो मायलेकींच्या, बहिणींच्या, शेजारणींच्या बोलण्यासाठी येतो. गूज मोठ्याने बोलत नाहीत. ते एका कानासाठी असते. ना. सी. फडके यांनी १९२६ च्या सुमारास 'रत्नाकर' मासिकात सुरू केलेल्या लेखनाला 'गुजगोष्टी' हे नाव दिले, तेव्हा प्रकार इंग्रजी आणि नाव देशी अशी सोयीस्कर वाटणी झाली असे मानण्याचा मोह होतो. परंतु नाव हे केवळ वेष्टन नसते. वाचकाशी कोणत्या नात्याने बोलायचे हे फडक्यांना सुचविता आले, ते मराठी वाचकाच्या कानात त्या नात्याचा सूर आधीच असल्यामुळे. तो सूर कोठून आला होता, हा येथील प्रश्न आहे.

३

अव्वल इंग्रजी काळातील मराठी गद्य वाचकाला मित्र मानीत नव्हते. लोकहितवादींची १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये आलेली शतपत्रे रूपाने पत्रे असली तरी त्यांचा संबोधित हा अवघा समाज होता आणि स्वर उपदेशकाचा होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'ने गद्याला बळ आणि डौल दिला. तरी तेथेही वाचक हा पटवून देण्याचा, जागा करण्याचा विषय राहिला. पन्नास-साठ वर्षे मराठी निबंध व्यासपीठावर उभा होता.

लघुनिबंधाने तो खाली उतरवून खुर्चीत बसविला. फडक्यांचा 'गुजगोष्टी' हा संग्रह १९३३ मध्ये, अनंत काणेकरांचा 'पिकली पाने' १९३४ मध्ये आणि वि. स. खांडेकरांचा 'वायुलहरी' १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघ्या तीन-चार वर्षांत या प्रकाराची चौकट सिद्ध झाली. एखादा क्षुल्लक अनुभव, एखादी सवय, एखादी वस्तू किंवा एखादी सहल घ्यायची. तिच्याविषयी खेळीमेळीने बोलत जायचे. आणि शेवटी त्या क्षुल्लकातून एखादा विचार किंवा एखादी हुरहूर हाती द्यायची. फडक्यांनी पुढच्या एका संग्रहाला 'धूम्रवलये' हे नाव दिले. ते या प्रकाराचे अचूक रूपक आहे. धुराची वलये सोडण्यासाठी बसायला जागा लागते, वेळ लागतो आणि समोर कोणी असल्यास अधिक बरे.

हा समोर बसलेला मित्र कोण होता? तो शिकलेला होता, पगारदार होता, त्याला रविवार होता आणि मे महिन्याची सुटी होती. तो मासिके घेत असे. या काळात मासिकांनी केवळ साहित्य पुरविले नाही, तर नव्या राहणीचे वळणही पुरविले. त्याचे ठळक उदाहरण 'किर्लोस्कर' मासिकाचे. लोखंडी नांगर बनविणाऱ्या कारखान्याचे माहितीपत्र म्हणून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ती मराठी मध्यमवर्गाचे घरगुती मासिक बनली. तिच्या पाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आली. वस्तू, वस्तूची जाहिरात आणि त्या वस्तूंच्या सहवासात जगणाऱ्या माणसाचे ललित गद्य ही एकाच मासिकाच्या पानांवर शेजारी नांदू लागली. लघुनिबंधात सायकल, छत्री, चष्मा, फाउंटनपेन यांसारख्या वस्तूंना जे स्थान मिळाले ते या शेजारातून मिळाले. काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' हे १९४० मधील प्रवासवर्णन पाहिले असता हाच मैत्रीचा स्वर परदेशप्रवासालाही पेलतो हे ध्यानात येते. 'किर्लोस्कर'मधूनच क्रमशः येऊन १९६० मध्ये ग्रंथरूप झालेल्या पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'त तो स्वर सर्वाधिक वाचकांपर्यंत पोहोचला. प्रवासाहून परतलेला मित्र दिवाणखान्यात बसून सांगतो आहे आणि ऐकणाऱ्यांना आपणच जाऊन आल्यासारखे वाटते आहे, ही त्या पुस्तकाची निवेदनस्थिती होय.

या मैत्रीला सामाजिक पत्ता होता. पुणे, मुंबई, कोल्हापूर येथील शिक्षित घरे हे तिचे क्षेत्र. लेखकाने आपल्या फुरसतीविषयी बोलावे आणि वाचकाला ते आपलेच वाटावे, यासाठी दोघांची फुरसत एकाच जातीची असावी लागते. लघुनिबंधाने हे गृहीत धरले आणि सर्वांना लागू असलेल्या मानवी स्वभावाचे नाव त्याला दिले. क्षुल्लकाचे सार्वत्रिकीकरण ही त्याची शक्ती, आणि तीच त्याची मर्यादाही.

४

हेच मासिक, हाच संग्रह गोदावरीच्या खोऱ्यात पोहोचला तेव्हा तेथील वाचकाची स्थिती निराळी होती. निजामी राज्यात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तिला उच्च शिक्षणाचे माध्यम केले. मराठी ही मराठवाड्यातील बहुसंख्यांची भाषा असूनही नोकरीसाठी आणि पदवीसाठी ती उपयोगाची नव्हती. सभा-संमेलनांवर गश्ती निशाण ५३ चा निर्बंध होता. अशा वेळी परभणीच्या १९०१ मधील गणेश वाचनालयासारख्या संस्थांना जे महत्त्व आले ते केवळ ग्रंथालयाचे नव्हते. मराठी पुस्तक घेऊन बसणे, मराठी मासिकाची वाट पाहणे, चार जणांनी ते मिळून वाचणे ही तेथे सार्वजनिक जीवनाची पहिली पायरी ठरली. मराठवाड्यातील ग्रंथालयांच्या चळवळीतून मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते घडले हे इतिहासकारांनी वारंवार नोंदविले आहे.

पुण्याच्या वाचकाची फुरसत ही कामापासूनची सुटका होती. मराठवाड्याच्या वाचकाची फुरसत हेच एक काम झाले. या फरकाचा वाङ्मयीन परिणाम दूरगामी ठरला. ज्या समाजात वाचणे हे कर्तव्य बनते तेथे केवळ गंमत म्हणून बोलण्याचा स्वर गद्याला सहजी सापडत नाही. मुक्तीनंतरच्या मराठवाड्यातील विचारगद्य पाहिले की हे स्पष्ट होते. नरहर कुरुंदकरांचे निबंध वादसंवादाचे आहेत. अनंत भालेराव यांनी 'मराठवाडा' दैनिकातील 'कावड' या सदरात ललित अंगाने लिहिले आणि 'मांदियाळी'त सुहृदांची चित्रे काढली. पण या सुहृदांच्या मैत्रीचे मूळ बहुधा चळवळीच्या सहवासात असते. मित्र हा शब्द येथे सोबत्याच्या अर्थाकडे झुकतो. ज्याच्याबरोबर धोका पत्करला तो मित्र, ही या गद्याची धारणा. नव्या वस्तूची किंवा सहलीची गोष्ट अशा मित्राला सांगण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

याला एक लक्षणीय अपवाद आहे. परभणीला निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी करणारे बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांनी कविता, कथा, कादंबरी यांबरोबर ललित निबंधही लिहिले. त्यांच्या निबंधसंग्रहाचे नाव 'अलकेचा प्रवासी' असे आहे. अलका ही 'मेघदूता'तील यक्षाची नगरी; जेथे यक्षाला जाता येत नाही आणि केवळ मेघाला पाठविता येते ते स्थळ. तुटपुंज्या पगाराच्या कारकुनी जीवनातून हा लेखक अलकेच्या प्रवासाला निघतो हे या शीर्षकातच सूचित होते. फडक्यांच्या निबंधातील प्रवासी तिकीट काढून निघतो, बी. रघुनाथांच्या शीर्षकातील प्रवाशाजवळ तिकीट नाही. मराठवाड्यात लघुनिबंध लिहिला गेला तो अशा अंतरावरून, आणि हे अंतर प्रतिभेचे नसून फुरसतीच्या विभागणीचे होते.

उमरीच्या स्थानकावर थांबणाऱ्या गाडीतून मासिके येऊ शकत होती. परंतु ज्यांना ती वाचता येत होती असे लोक थोडे होते आणि त्यांत स्त्रिया त्याहून थोड्या. ज्या बहुसंख्यांनी बाजार केला, जत्रा केली, बांगड्या भरल्या, लुगडे घेतले, त्यांच्या हौसेला छापील पानावर जागा नव्हती. म्हणून त्या हौसेला शब्दच नव्हते असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

५

जात्यावरच्या ओव्यांचे संकलन विसाव्या शतकात अनेकांनी केले. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', सरोजिनी बाबर यांनी प्रसिद्ध केलेले लोकसाहित्याचे ग्रंथ आणि गी पॉयतवँ व हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालविलेला, एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविणारा प्रकल्प हे त्यांतले प्रमुख टप्पे होत. या शेवटच्या संकलनात मराठवाड्यातील गावांच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. लोकसाहित्याचे अभ्यासक या सामग्रीकडे स्त्रीजीवनाचा आरसा म्हणून पाहतात. सासुरवास, माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल अशा आशयसूत्रांनी तिचे वर्गीकरण करतात. हे वर्गीकरण संकलकाला सोयीचे असते. पण त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. नात्यांच्या आणि देवाच्या नावाखाली मांडलेल्या या ओव्यांत वस्तू आणि प्रवास यांचा विस्तार मोठा आहे.

भावाने आणलेले लुगडे कोणत्या पेठेतले, त्याचा पदर कसा, त्याचे मोल किती. कासाराने भरलेला चुडा कोणत्या रंगाचा. सोनाराने घडविलेला डाग कसा बसला. लेकाने बांधलेले घर किती खणांचे. पंढरीला जाताना वाटेत कोण भेटले, चंद्रभागेला पाणी किती होते. आगगाडी कशी धावली, मोटार कोठे थांबली: असे तपशील ओवीत पुन्हा पुन्हा येतात. नवी वस्तू गावात आली की ती ओवीत येते. आगगाडी आणि मोटार यांचा प्रवेश या गीतांत झाला तो कोणाही लघुनिबंधकाराची वाट न पाहता. या सांगण्याला श्रोता आहे. तो 'बाई', 'सई', 'शेजी' अशा संबोधनांनी ओवीच्या अंगातच बसविलेला असतो. जात्याच्या खुंट्याला दुसरा हात ज्या बाईचा, ती या गुजाची पहिली धनीण. फडक्यांच्या वाचकाला लेखकाचा मित्र होण्यासाठी कल्पनेची मदत घ्यावी लागते. ओवीची मैत्रीण समोर बसलेली असते आणि पुढची ओवी तीच गाते. देवघेव हा या रचनेचा पायाच आहे.

त्यामुळे रोजच्या जगण्यातील हौस, प्रवास आणि खरेदी मैत्रीच्या स्वरात सांगण्याचा वाङ्मयीन संकेत मराठीत लघुनिबंधापूर्वी रुजलेला होता असे म्हणण्यास आधार मिळतो. इंग्रजी निबंधाने मराठी लेखकाला गद्याचा घाट आणि लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचे भान दिले. मैत्रीचा स्वर ज्या भाषेत सहज उमटला त्या भाषेला तो स्वर माहीत होता, आणि 'गुजगोष्टी' हे नाव त्याची साक्ष देते. फडक्यांनी ओवीचे अनुकरण केले असा याचा अर्थ नव्हे. ज्या घरांत मासिके वाचली जात त्याच घरांत एक पिढी आधी जाते फिरत होते, आणि वाचकाच्या कानाची घडण तेथे झाली होती, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

दोहोंतला निर्णायक फरक वेळेचा आहे. लघुनिबंध फुरसतीच्या वेळी फुरसतीविषयी बोलतो. ओवी कामाच्या वेळी हौसेविषयी बोलते. पहाटेच्या अंधारात, घर जागे होण्यापूर्वी, ज्वारीचे दळण संपवायचे असते. हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळे असते. दळणाची लय हीच रचनेची लय होते. लुगड्याविषयी, यात्रेविषयी बोलण्यासाठी या स्त्रीजवळ निराळा वेळ नाही. एखाद्या सुखाची आठवण सांगायची तर ती कष्टाच्या मधोमधच सांगावी लागते. म्हणून ओवीतील हौसेला वजन आहे. लघुनिबंधातील वस्तू हे विचाराचे निमित्त असते. एकीऐवजी दुसरी घेतली तरी चालते. ओवीतील चोळी हे निमित्त नसते. ती कोणी दिली, कोणाच्या नजरेसमोर नेसली, कोणी विचारले नाही, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. खरेदीची गोष्ट येथे नात्यातील स्थानाची गोष्ट बनते.

या तुलनेवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की ओवीतील 'मी' हा सांकेतिक असून त्यात व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार नाही. भाऊ नसलेली स्त्रीही भावाच्या चोळीची ओवी गाते. हे खरे आहे. परंतु लघुनिबंधातील 'मी' किती असांकेतिक होता? १९४० नंतर त्या 'मी'चा हसरा, किंचित खट्याळ, शेवटी अंतर्मुख होणारा चेहरा इतका ठरीव झाला की टीकाकारांनी तंत्रबद्धतेचा आरोप करून या प्रकाराला जवळजवळ निरोप दिला. संकेत दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की ओवी आपला संकेत लपवीत नाही. ज्या स्त्रीला भाऊ नाही तिची ओवी इच्छेची असते, आणि इच्छा सांगणे हाही हौसेचाच एक प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ओवी म्हणजे सर्व स्त्रियांची एकच मैत्री असे चित्र रंगविणे हा भाबडेपणा ठरेल. जाते घरात होते आणि घर जातीत होते. खुंट्याला हात लावणारी दुसरी बाई बहुधा आपल्याच घरची वा आपल्याच आळीची असे. कोणाच्या ओवीत सोने आहे आणि कोणाच्या ओवीत सोन्याची केवळ उपमा आहे, हे तपासल्याशिवाय या सामग्रीविषयी बोलता येत नाही. मराठवाड्यातील दलित स्त्रियांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकरांचे आगमन झाले तेव्हा प्रवासाचा अर्थ पालटला. पंढरीच्या वाटेशेजारी नागपूरच्या दीक्षाभूमीची वाट उभी राहिली. १९५६ नंतरचा हा प्रवास हौसेचा म्हणावा की मुक्तीचा, असा प्रश्न या ओव्या उपस्थित करतात. आणि दोन्ही अर्थ एकाच वेळी धारण करण्याची ओवीची क्षमताही त्या दाखवून देतात. नव्या पांढऱ्या लुगड्याची खरेदी हा अशा वेळी केवळ राहणीचा तपशील राहत नाही.

६

लघुनिबंध आणि ओवी यांच्यामध्ये कधी भेट झाली काय? दोन प्रसंग सांगता येतील. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या रचना त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या आणि जात्याच्या व शेताच्या परिसरातील शब्दाला एका कवयित्रीचे नाव मिळाल्याबरोबर मराठी समीक्षेने त्याचे स्वागत केले. हे स्वागत योग्यच होते. पण त्यामागील अटही ध्यानात घ्यावी लागते. एक नाव, एक पुस्तक, एक प्रस्तावना यांच्या आधाराविना ज्या हजारो स्त्रियांनी ओव्या रचल्या त्यांचे लेखन लोकसाहित्याच्या दालनात गेले आणि वाङ्मयेतिहासाच्या बाहेर राहिले.

दुसरा प्रसंग इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती' (१९४९) या संग्रहातील 'वाटचाल' या निबंधाचा. पंढरीच्या वारीत चालत जाणारी एक विदुषी भोवतालच्या स्त्रीपुरुषांशी बोलते, त्यांच्याबरोबर जेवते, हसते आणि त्याच वेळी दिंड्यांतील जातींच्या पंक्ती निरनिराळ्या बसतात हे पाहून अस्वस्थ होते. ललित निबंधाचा 'मी' येथे ओवीच्या प्रदेशात पायी शिरला आहे. मैत्रीचा स्वर टिकून आहे. पण ही मैत्री आयती मिळालेली नाही, ती चालता चालता मिळवावी लागते आणि काही ठिकाणी मिळत नाही, याचे भान त्या स्वरात मिसळले आहे. फडक्यांच्या निबंधाने जे गृहीत धरले होते ते कर्वे यांच्या निबंधात प्रश्नांकित झाले. लघुनिबंधाचे ललित निबंधात रूपांतर होताना निसर्ग, स्मृती आणि काव्यात्मता यांचा वाटा समीक्षेने पुष्कळ सांगितला आहे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आणि विंदा करंदीकरांचा 'स्पर्शाची पालवी' (१९५८) हे त्याचे नेहमीचे दाखले. संबोधित मित्राच्या या पालटाकडे मात्र तितके लक्ष गेलेले नाही.

उमरीकडे पुन्हा पाहिले असता या चर्चेचे स्वरूप अधिक ठोस होते. नांदेड जिल्ह्यात मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. जनावरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे आणि दूरदूरची कुटुंबे तेथे मुक्कामाला येतात. देवदर्शन, प्रवास, खरेदी आणि करमणूक यांची तेथे फारकत करता येत नाही. शेतकऱ्याला बैल घ्यायचा असतो, बाईला बांगड्या भरायच्या असतात, मुलाला पाळण्यात बसायचे असते. परतल्यानंतर कित्येक दिवस त्याची गोष्ट सांगितली जाते. या सांगण्यात मराठीबरोबर शेजारची तेलुगू आहे, दखनी आहे, तांड्यावरची गोरमाटी आहे. फुरसतीच्या वाङ्मयाचा इतिहास केवळ मासिकांच्या फायलींवरून लिहिला तर हे सारे त्याच्या बाहेर राहते. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासावरून लिहिला तरीही ते बाहेरच राहते. कारण त्या इतिहासाला गावाचा एकच दिवस हवा असतो.

१९४८ चा तो दिवस आणि त्याआधीच्या-नंतरच्या साध्या दिवसांचा बाजार यांना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. ज्या लोकांनी जोखीम पत्करली त्यांनाही जत्रा होती, घर होते, नवे धोतर नेसण्याचा दिवस होता. स्वातंत्र्याचा एक अर्थ हाही होता की कोणाच्या परवानगीवाचून चार जणांना एकत्र बसता यावे आणि बिनमहत्त्वाचे बोलता यावे. ज्या राज्यात सभेला अनुमती लागत होती तेथे बिनमहत्त्वाचे बोलणे ही क्षुद्र गोष्ट नव्हती. मुक्तीनंतरच्या मराठवाडी गद्याने या हक्काचा पुरेसा उपभोग घेतला नाही, ही त्याच्या गांभीर्याची दुसरी बाजू होय.

आता पिठाच्या गिरणीने जाते थांबविल्याला बराच काळ लोटला आहे. ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या गाणाऱ्या पिढीतील अनेक स्त्रिया हयात नाहीत. लघुनिबंधही आपल्या मूळ रूपात लिहिला जात नाही. नवी दुचाकी, तीर्थाची वाट, मुलीच्या लग्नातले लुगडे यांची छायाचित्रे आज गावोगावी मोबाइलवरून क्षणात सुहृदांपर्यंत जातात. हे सांगणे वाङ्मय आहे की नाही, हा वाद घालण्यापूर्वी त्याचा संबोधित कोण, आणि सांगणाऱ्याच्या हातांना त्या वेळी काम आहे की सवड, हे दोन प्रश्न विचारावे लागतील. लघुनिबंधाच्या मराठी इतिहासाने हे प्रश्न आपल्या नायकांना विचारले असते, तर त्याचा आरंभ १९२६ च्या मासिकात करण्याआधी त्याला जात्यापाशी थांबावे लागले असते. तो इतिहास नव्याने लिहिताना ओव्यांच्या संग्रहांतील वस्तूंची आणि प्रवासांची, गावनिहाय आणि जातिनिहाय, नोंद करण्यापासून आरंभ करता येईल. ती सामग्री उपलब्ध आहे.